निंबर्ग्यात अडलेला ओंडका

३ फेब्रुवारी, निंबर्गा

आणली एकदाची! माझी लाकूड कापायची फिरती आरामशीन, ट्रॅक्टरमागं जोडून, आळंदवरनं थेट रथाच्या शेडपुढं. कालपरवापर्यंत पंक्चर काढणारा मी, धनराज, आणि गावाच्या रथाचं काम! रथाचा कणा, म्हणजे चाकांचा आस, गावाबाहेर नेऊन कापायचा नाही, म्हणून तर मला बोलावलं. आजवर हा मान गुरुपादय्यांच्या घराचा, हातकरवतीचा. यंदा पंचांनी मला दिला. तरी गुरुपादय्या म्हातारबाबा हसतमुखानं मशीनच्या पूजेला आले. एकेक विचारत होते. मीही फुशारकीत दाखवत सुटलो — हा पंप, ओंडका उचलणारे हात ज्याच्या जोरावर उठतात ते हे तेल, आणि टाकीच्या टोपणावरचं हे बारीक भोक म्हणजे मशीनचं नाक, ह्यातनंच वारा घेते. त्यांनी सगळीकडं भस्म लावलं. लई प्रसन्न वाटलं.

४ फेब्रुवारी

घात! कण्यासाठीचा बाभळीचा ओंडका उचलायला घेतला, मशीनचे लोखंडी हात अर्ध्यावर येऊन थांबले. पंप किंचाळायला लागला. आणि इथला रिवाज असा — रथाचं लाकूड एकदा उचललं की भुईला टेकवायचं नाही. टेकलं की बाद! माणसांनी पळत जाऊन तुरीची पोती आणली, खाली थप्पी लावली. पंच किशनराव शांतपणे म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत थांबतो, धनराज. न्हाईतर गुरुपादय्यांची करवत हाय की तयार."

५ फेब्रुवारी, पहाटे

झोप कसली! कान अजून त्या पंपातच.

५ फेब्रुवारी, संध्याकाळी

जमलं!! सकाळी जाळी धुतली, नळ्या आवळल्या. टोपण काढून बघितलं — तेल भरपूर. टोपण उघडंच ठेवून चालू केलं तर मस्त! टोपण लावलं, की जरा वेळानं पुन्हा रडगाणं. परत उघडलं, आणि ऐकलं — सुस्स! बारीकच, पण माझ्या कानातनं सुटतंय व्हय? टाकी बाहेरचा वारा आत ओढत होती. म्हणजे नाकच बंद, मग पंपाला तेल कुठनं मिळणार! भस्म नि तेल मिळून भोकात दगडासारखं बसलेलं. दाभणानं टोकरलं, फुंकर मारली. हात असे उठले की पोती खालीच राहिली! कणा कापला, सुतासारखा सरळ. गावानं हलगी काढली.

काय झालं होतं म्हणून सगळ्यांनी विचारलं. "वारा अडला होता," एवढंच सांगितलं. म्हातारबाबांनी भक्तीनं लावलेलं, त्यांचं नाव कशाला घ्यायचं?

६ फेब्रुवारी

निघताना गुरुपादय्या ट्रॅक्टरजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "माझं नाव घेतलं न्हाईस, म्हणून सांगायलो. भस्म सगळीकडं बोटानं लावलं. नाकात तेवढं काडीनं ठासलं."