सांत्वनभेटीचा खेळ

वाशी, ता. १० फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास गोरोबाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. गजरा जाऊन आज महिना झाला. सून अजून सासूच्या वाटणीचा चहा टाकते, मग तोही मीच पितो.

तिसऱ्या दिवशी सावडून तुम्ही दोन दिवसांसाठी येडशीला गेलात आणि नेमके पाचव्या दिवशी साहेब स्वतः सांत्वनाला आले. पाच गाड्या होत्या. माझा हात हातात घेऊन बसले. पेपरात फोटो आला, तो फ्रेम करून बैठकीत लावला आहे. अठ्ठावीस वर्षं त्यांच्या सभेच्या सतरंज्या उचलल्या, त्याचं चीज झालं.

आता काम. दोन मार्चला साहेबांचा वाढदिवस. आपली अक्षदा स्टेजवर 'माझे आवडते नेते' यावर पाच मिनिटं बोलेल, असं मी तालुकाध्यक्षांना कबूल करून बसलो आहे. पण नात तोंडच उघडत नाही. तुम्ही शाळेत बाई होता. भाषण लिहून द्या आणि तिला जरा दटावा. माझ्या शब्दाचा प्रश्न आहे. तब्येत सांभाळा, माझ्यावरचा लोभ कमी करू नका.

तुमचा,
गोरोबा

येडशी, ता. १४ फेब्रुवारी २०२५

चि. गोरोबास अ. आ.

तुझं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना, म्हणून आधी चहा घेतला. छत्तीस वर्षं मी पोरांना हाच निबंध घातला. चाळीस वह्यांत एकच नेता, एकाच गरीब घरात जन्मलेला! पोरांना खरं काय वाटतं ते मधल्या सुट्टीत ऐकू यायचं. आपला बाप, आपला आजा कुणापुढं किती वाकतो, हे त्यांना बरोबर दिसतं.

तुझ्या साहेबांचा एक गुण सांग, लगेच लिहायला बसते. तीन पक्ष झाले त्यांचे, आणि दर वेळी तू मुकाट्यानं गळ्यातला गमछा बदललास. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी म्हणतात. तुला पोळीही मिळाली नाही, तू नुसतीच टाळी वाजवतोस. गजराच्या श्रद्धांजलीच्या फलकावर साहेब पुरुषभर उंच आणि गजरा कोपऱ्यात तिकिटाएवढी. परंड्याहून आलेल्या पाहुण्यांनी मला विचारलं की साहेब कधी वारले. मला हसू आलं आणि मग तुझी लाज वाटली.

अक्षदा का बोलत नाही, हे तिला विचारलंस का? तू विचारणार नाहीस. म्हणून मीच तिला वेगळं पत्र टाकते आहे. तिचं उत्तर फोडू नकोस. माझा राग आला तर येऊ दे, माझी माया आहे तिथंच आहे.

तुझी,
हरणाक्का

वाशी, ता. २० फेब्रुवारी २०२५

ती. आत्याआजीस अक्षदाचा सा. न.

तुमचं पत्र मिळालं. मला पाठ करायचा कंटाळा नाही. पाचवीत माझंच पाठांतर पहिलं येतं. तुम्ही कारण विचारलं म्हणून सांगते, आजोबांना सांगू नका.

आम्ही अंगणात साहेब-साहेब खेळतो. माझा भाऊ प्रेम साहेब होतो, कारण काळा चष्मा त्याच्याकडं आहे. साहेबाला काहीच काम नसतं. उशिरा यायचं, दारात चपला काढायच्या आणि कुणाच्या तरी कानात हळूच विचारायचं की कोण वारलंय. खऱ्या साहेबांनी तसंच विचारलं होतं, मी दारामागं होते. मग बसायचं आणि फोटो झाला की उठायचं.

सगळ्यांना साहेबच व्हायचं असतं. आजोबा कुणीच होत नाही, कारण आजोबांना साहेबांच्या चपला सरळ करून ठेवाव्या लागतात. एकदा मी झाले. फोटोवाल्यानं इकडं बघा म्हटलं की आजोबांनी हसायचं असतं. खऱ्या फोटोत आजोबा हसलेत. आजीला जाऊन पाचच दिवस झाले होते. मला हसता येईना, मग मी खेळ मोडला.

साहेब चांगले आहेत का वाईट, मला माहीत नाही. पण ते आले की मला आजोबा आवडत नाहीत. हे स्टेजवर कसं सांगायचं?

प्रेमकडून पण नमस्कार. आमच्यावर माया असू द्या.

तुमची,
अक्षदा

वाशी, ता. ६ मार्च २०२५

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

तुम्ही फोडू नको म्हणाला होतात, पण पोरीचं पत्र पोस्टात टाकायच्या आधी मी फोडलं. परत चिकटवलं, ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. वाचून बैठकीत गेलो आणि फोटो खाली काढून बघितला. खरंच हसलो आहे आक्का. दात दिसतात.

पत्र टाकल्यावर आलेल्या रविवारी पोरांचा खेळ अडला होता, आजोबा व्हायला कुणी तयार नव्हतं. मी म्हटलं, मी होतो. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग प्रेम चष्मा लावून आला, माझ्या कानाशी वाकला आणि विचारलं की कोण वारलंय. गजरा, एवढंच सांगायचं होतं. पण मला रडू फुटलं, ते आवरेना. गजरा गेल्यापासून पहिल्यांदा रडलो. प्रेम साहेबपण विसरला, चष्मा टाकून मांडीत शिरला आणि आजी-आजी करून माझ्यापेक्षा मोठ्यानं रडायला लागला. अक्षदा पाटीचा कॅमेरा करून उभी होती. तिनं पाटी खाली ठेवली.

दोन मार्चला आम्ही कुणीच गेलो नाही. मी कुणाला कळवलंही नाही. खोटं कशाला सांगू, दिवसभर फोन हातात धरून बसलो होतो. एवढा जुना माणूस आला नाही, बोलावणं येईल, निदान शिव्या तरी येतील. आज चौथा दिवस, कुणाचा फोन नाही.

अक्षदानं काल भीत भीत विचारलं की साहेब रागावतील का. मी सांगितलं, त्यांना कळलंच नाही. ती माझ्याजवळ येऊन बसली.

चार दिवस राहायला या. गजराबद्दल कुणाशी बोलणंच झालेलं नाही.

तुमच्या मायेचा,
गोरोबा