मिठाच्या बर्फातला नमुना

३ मार्च २००४, सकाळ
दौंडला डॉक्टरकडे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार वाढल्यात. कॅन्सर म्हणतो. मला नुसता अशक्तपणा वाटतो. कंबरेच्या हाडात सुई घालून मगज काढला, बाटलीत भरला. आई आठवली. बाटली पुण्याच्या लॅबला आजच पोचवायची. तिथं पेशी वाढवून त्यातले क्रोमोसोम तपासतात, रंग लावून. नऊ नंबरच्या क्रोमोसोमचा तुकडा बावीसला चिकटलेला निघाला तर नवी गोळी लागू पडेल. नाही निघाला तर ती गोळी नाही.

दुपार
शोएब म्हणाला, अब्बा, कंपनीची शिफ्ट बुडवतो, बाटली मी नेतो. कशाला? यवतच्या डेअरीत मी एकवीस वर्षं दुधाचे नमुने सांभाळले, एक नासला नाही. डॉक्टर म्हणाला, इनुसचाचा, बर्फ लावू नका, पेशी जिवंत पोचल्या पाहिजेत. शहरातलं पोरगं. मार्चचं ऊन त्याला काय ठाऊक! यवतला उतरून डब्यात बर्फ भरला. वर मीठ टाकलं, म्हणजे टिकतो.

संध्याकाळ
पोचवलं. लॅबमधल्या बाईंनी डबा उघडला आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. कौतुक असावं.

१५ मार्च
फोन आला. पेशी वाढल्याच नाहीत, गोठून मेलेल्या आल्या. त्यांचं मशीन बिघडलं असणार. खुर्शिद म्हणाली, कुल्फी करायला निघाला होता का तुम्ही? लग्नाच्या बायकोनं असं बोलावं!

१६ मार्च
पुन्हा सुई घ्यायची नाही. ठरलं. रोज चार खजूर खायचे, चालायला जायचं.

१८ मार्च
चाललो. ओट्यापर्यंत. खजूर जात नाही.

२४ मार्च
सुई घेतली. खुर्शिद आली तेव्हा ओरडणं थांबवलं, पण तिनं बाहेरूनच ऐकलं होतं. बाटली शोएबनं नेली. मी धरतो म्हटलं. तोवर तो दाराबाहेर होता.

७ एप्रिल
रिपोर्ट आला. वीस पेशी बघितल्या, विसांतही तुकडा चिकटलेला. डॉक्टर खूश. गोळी चालेल म्हणाला. मी म्हटलं, मला पहिल्यापासून वाटतच होतं. खुर्शिद म्हणाली, मग तीन आठवडे का घालवले? रडली पण.
गोळ्या आता तीच ठेवणार, तीच देणार. शोएब वेळ बघणार. मी फक्त तोंड उघडायचं.