मागून उतरणाऱ्याचं बक्षीस

आबा,

हा खेळ तुम्हाला आधी समजावून सांगावा लागेल. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातले योद्धे आणि मांत्रिक होतात, आणि कोण जगलं, कोण मेलं हे फासे ठरवतात. डिंगोरे गावच्या माझ्या मित्राने अशी एक छोटी गोष्ट लिहिली आहे. जुन्या नगराखालची गटारं, त्यात उंदीर, चिखलातला एक राक्षस आणि शेवटी चोरीला गेलेली मूर्ती. त्याला ती छापायची आहे. "तू बारकाईनं बघतोस. कशी झालीय ते खरं सांग," म्हणाला. तुम्ही कशाने गेलात हे त्याला माहीत नाही. दहावी सोडून मंचरला कामाला आलो तेव्हापासून मी इथे कुणाला सांगितलेलंच नाही.

नकाशा चांगला आहे. राक्षस जरा लवकर भेटतो. गटाराला वासच नाही, हे मी समासात लिहिलं. मग विषारी वायूची खोली आली. पहिला उतरतो तो बेशुद्ध पडतो आणि त्याच्यामागे जो उडी मारेल त्याला शौर्याचं बक्षीस मिळतं. तिथे मी पेन्सिल खाली ठेवली.

जुन्नरच्या घरातली एक संध्याकाळ डोळ्यांपुढे आली. आई भाकरी थापते आहे. तुम्ही कडुनिंबाच्या पाण्याने अंघोळ करून चुलीपाशी बसला आहात, शेजारी गटारं उपसायच्या कामातले तुमचे जोडीदार, ज्यांना मी मामा म्हणायचो. "चेंबर उघडलं का आधी च्या प्यायचा. आतली घाण हवा जाऊ द्यायची," तुम्ही सांगता आहात. "आन् मी पडलो तर?" मामा विचारतात. "तर दोर वडायचा. मागनं उतरायचं न्हाई. एकाचं दोन व्हत्यात." मामा आईकडे बघतात. "बघा वैनी, लई जीव राव यांचा माज्यावर." आई पिठाच्या हातानेच तोंड झाकून हसते.

तुम्ही गेलात त्या दिवशी मैल्याची टाकी उथळ म्हणून मामांनी दोर बांधलाच नाही. ते पडले आणि तुम्ही मागून उतरलात. दोघंही गेलात. दहाव्याला लोक म्हणत होते, जोडीदारासाठी जीव दिला. आई एवढंच म्हणाली, "दुसऱ्याला सांगत व्हते ना."

रविवारी आम्ही ती गोष्ट खेळून पाहिली. सांगणारा मी होतो. एकाचा योद्धा पडला तसा मित्र म्हणाला, "मी उतरतो मागनं." मी विचारलं, "दोर आहे?" "दोर कुठं शोधू राव, तो मरतोय तिकडं." वाईट दान पडलं तर दोघेही जातात असा नियम त्यानेच लिहिला आहे. सांगणाऱ्याने फासा पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकायचा असतो. सगळे माझ्याकडे बघत होते. "वाचले दोघंही," मी म्हणालो, आणि त्यांनी टेबल वाजवलं.

काल मी त्याला मत लिहून दिलं. गोष्ट चांगली आहे, छाप. पण मागून उतरणाऱ्याचं बक्षीस काढून टाक आणि झाकणापाशी दोर ठेव. हे पोरं खेळणार आहेत, त्यांच्या डोक्यात उडी राहायला नको. ते लिहिताना तुम्हालाच चूक ठरवतो आहे असं वाटत होतं. तरी खोडलं नाही.

रविवारी फासा माझ्या मुठीतच राहिला होता, हे मात्र मी त्यात लिहिलेलं नाही.