अभ्यासिका पायदळी गेल्याची हकीकत

तीर्थस्वरूप सौ. ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून तूर्त निम्माच, उरलेली अंगं उधार समज.)

तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि आईची झोप ठीक असेल, असं धरून थेट तक्रारीवर येतो. तक्रार अत्यंत गंभीर आहे. तू नव्या घरासाठी पाठवलेलं पायपुसणं आमच्या ओट्यापेक्षा मोठं आहे. बेसावध पाहुणा पाय पुसता पुसता अंगणात पोचतो. भावाची ऐपत मापून भेट द्यावी, असं शास्त्र सांगतं. (कुठलं, ते विचारू नकोस. संस्कृतच्या मास्तराला पुरावे मागायचे नसतात.)

असो. घर एकदाचं उभं राहिलं! तुझ्या तिसऱ्या मजल्यावरून आईला खाली उतरवत नाही, ती महिनोन् महिने खिडकीतूनच जग बघते, म्हणून तर हा सगळा खटाटोप. नकाशात दोन मजले होते. पैशांनी वरचा मजला खाल्ला, तेव्हा खालच्या मजल्यावर आईची खोली आणि माझी अभ्यासिका दाटीवाटीने बसवली. त्यावर तुझी भावजय म्हणाली, "कागदावर सगळंच मावतं. जागेवर आखा, आपण एक रविवार राहून बघू." मग मी प्लॉटवर चुन्याच्या फक्कीने सगळ्या भिंती आखल्या आणि आम्ही सतरंजी, खुर्च्या, डबे घेऊन त्या रेघांत सहकुटुंब राहायला गेलो. मी भर उन्हात अभ्यासिकेत ग्रंथ उघडून बसलो. हिने स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या उचलला आणि माझ्या अंगावरून तडक आईच्या खोलीत गेली.

"अगं, भिंत आहे ती!"

"मग आईंना पाणी द्यायला मी काय घराला प्रदक्षिणा घालू?"

कन्येने तर खुर्ची फरफटत माझं दारच नेलं. दिवसभर मायलेकी माझ्या भिंतींतून ये-जा करत होत्या आणि (आता लपवून काय उपयोग) दुपारनंतर मीही, कारण सावली आईच्या खोलीत होती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत असताना गवंडी आला आणि त्याने पाया खणला. संध्याकाळी पाहतो, तर अभ्यासिका नाही! गवंडी म्हणाला, "गुरुजी, रेघ असती तर खणलं असतं. मला वाटलं, तुम्हीच पुसली." पुसली होतीच, तिघांच्या सहा चपलांनी. संस्कृतात याला त्याग म्हणतात. ही म्हणाली, "अडगळ गेली."

पण ताई, खरं सांगू? बरंच झालं. वाचलेल्या भिंतींत आईच्या खोलीला लागून न्हाणीघर निघालं, आणि सबंध घरात कुठे पायरी नाही. खिडक्या जुन्या बाजारातल्या. एकीचं दुसरीशी पटत नाही, पण उघडतात सगळ्या. परवा पाऊस झाला. आम्ही तिघं बादल्या घेऊन सज्ज उभे होतो. एक थेंब गळला नाही! मी इतका निर्धास्त झोपलो की शाळेला उशीर झाला. ग्रंथ तेवढे आईच्या खोलीत ठेवलेत. ती येईपर्यंत मी तिथेच वाचत बसतो.

भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता.क. पत्राचं खरं कारण राहिलंच. पुढच्या महिन्यात आईला न्यायला येतो. पण तिला आधी तूच विचार. मी फोनवर विचारलं की ती "बघू" म्हणते आणि फोन तुझ्या हातात देते.

आणखी ता.क. ती तुझ्याकडे रुळली आहे, हे मला कळतं. घर बांधायला मी फार वेळ लावला. ती नाही म्हणेल, याची मला भीती वाटते.