एकशे अकरा टाचण्या

मुहर्रम बे, अलेक्झांड्रिया
रमजानचा बारावा दिवस

आदरणीय दादा,

सलाम. तुला, तुझ्या दोन्ही गुडघ्यांना, तुझ्या साखरेला आणि त्या एकडोळ्या मांजरीलाही. आम्ही इथे खुशाल आहोत. म्हणजे मी उपाशी आहे आणि इन्साफ माझ्यावर चिडलेली आहे, पण रमजानात आमच्या घरी यालाच खुशाली म्हणतात. मागच्या पत्रात तू लिहिलंस की अस्वानची कोरडी हवा तुझ्या सांध्यांना मानवते आणि अलेक्झांड्रियाची दमट हवा त्यांना खाते. त्याआधीच्या पत्रात गाडीचा प्रवास लांबचा होता. त्याच्याआधी मांजर आजारी होती. वहिनी गेल्याला चार वर्षं झाली आणि या चार वर्षांत तुझी कारणं मी पाठ केली आहेत. असो. आज मी तुला बोलावण्यासाठी लिहीत नाही. आज विषय वेगळा आहे. मी पंख बांधतोय.

हो, तोच. रमजानचा कंदील काढायला कपाटावरची पेटी खाली घेतली, तर कंदिलाखाली तुझ्या ग्लायडरचा नकाशा निघाला, सोबत बाल्साच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्यांची जुडगी, तू सुतळीने बांधलेली. नकाशाच्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलने लिहिलंय, ‘शौकीने हात लावू नये’, आणि खाली तीन रेघा. ही आज्ञा तू मागे घेतल्याचं मला आठवत नाही, पण माझी आता पन्नाशी उलटली आहे, तेव्हा म्हटलं, चालेल.

तू कसं करायचास ते मला अजून दिसतं. नकाशा फळीवर ताणून लावायचा, त्यावर कणा ठेवायचा, कण्यावर एकेक फासळी उभी करून चिकटवायची आणि टाचण्यांनी जखडायची. टाचणी लाकडातून घालायची नाही, लाकूड चिरतं. दोन्ही बाजूंनी तिरकी, कात्रीसारखी घालायची. (पहिल्या दोन फासळ्या चिरल्यावर मला हे आठवलं.) आता त्यासाठी फळी सपाट हवी आणि टाचणी शिरेल इतकी मऊही हवी. आपल्या घरात अशी एकच फळी आहे. इन्साफ तिच्यावर ईदच्या काहक बिस्किटांचं पीठ लाटते. ती फळी तिच्या आईची आहे, त्यामुळे मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती आणि मग मला तिचं मन मोडून फळी घ्यावी लागली असती, ते मला आवडत नाही.

टाचण्या लागल्या एकशे अकरा. शिंपी तोंडात धरतात तशा धरल्या तर काम भराभर होतं, पण रोजा असताना तोंडात टाचण्या चालतात का, हा प्रश्न पडला. कोपऱ्यावरच्या मशिदीत शेख मुतवल्लींना जाऊन विचारलं. ते म्हणाले, “शौकी, गिळू नकोस म्हणजे झालं. रोजाचं मी बघून घेईन, पण टाचण्या पोटात गेल्या तर डॉक्टरही उपाशीच असेल.” तरी मी जोखीम घेतली नाही. काहकवर नक्षी काढायचा इन्साफचा चिमटा घेतला आणि त्याने एकेक टाचणी लावली. (हेही तिला विचारलेलं नाही.)

वरच्या पट्टीला मात्र टाचण्या पुरेनात, तिला कपड्यांचे चिमटे हवेत. घरचे बारा निघाले, हवे होते चाळीस. भाजी वर ओढायची टोपली मी वरच्या मजल्यांसमोर काठीने धरली आणि हाक दिली की घरात लाकडाचं फार नाजूक काम चाललंय, अल्लाह तुमचं भलं करो, चिमटे टाका. रमजानात कोणी नाही म्हणत नाही, टोपली भरून आली. पण दादा, लोकांनी ते चिमटे ओल्या कपड्यांवरून काढून दिले होते, हे माझ्या ध्यानात आलं नाही. त्याच दुपारी समुद्रावरून वारा सुटला. चौथ्या मजल्यावरच्या हाज्जा तफीदांच्या नवऱ्याची लांब विजार सबंध गल्ली ओलांडून उकडलेल्या कडधान्याचं ‘फूल’ विकणाऱ्याच्या गाडीवर, थेट हंड्यावर जाऊन पडली. बिचारा इफ्तारची तयारी करत होता. हाज्जा तफीदा गच्चीतून म्हणाल्या, “शौकी, विजार परत आली, अब्रू मागाहून येतेय का?” मी सॉरी म्हणालो. चिमटे मात्र दिले नाहीत, डिंक ओला होता.

मधोमध वजन म्हणून आईचा पितळी खलबत्ता ठेवलाय. त्याला बघून आईची आठवण आली आणि मग तुला माहीत आहे ती दुसरी आठवणही आली. मी नऊ वर्षांचा होतो. तू सांगून गेलास, उद्या सकाळपर्यंत एकही टाचणी काढू नकोस. मी संध्याकाळीच सगळ्या काढल्या. नुसतं बघायचं होतं, उचलून. सकाळपर्यंत पंखाला पीळ बसला. शाळेच्या स्पर्धेत तुझं ग्लायडर सगळ्यांसमोर गोल गोल फिरलं आणि खजुराच्या झाडात अडकलं. तू घरी येऊन आईला सांगितलंस, लाकूड ओलं होतं. माझं नाव घेतलं नाहीस. त्या दिवशी नाही आणि नंतर कधीच नाही. दादा, त्यानंतर माझ्याशी पुष्कळ लोक चांगलं वागले, पण तेवढं चांगलं कोणी वागल्याचं मला आठवत नाही.

म्हणून या खेपेला मी ठरवलंय. पंख सहा दिवस फळीवर आहे, डिंक केव्हाच वाळला असेल, पण मी एका टाचणीला हात लावलेला नाही. एकशे अकराच्या एकशे अकरा जागच्या जागी आहेत. त्या तू येऊन काढायच्या, आपल्या हाताने, मग ईदनंतर येशील किंवा उन्हाळ्यात. मला घाई नाही. मी धीर धरायला शिकलोय, तुला एवढंच कळवायचं होतं.

मांजरीला मासळी देत जा. इन्साफचा सलाम.

तुझा धाकटा,
शौकी

ता. क. वर जे लिहिलं त्यात थोडा फरक आहे. टाचण्या मी दुसऱ्याच दिवशी काढल्या होत्या, पण चोवीस तास पुरे झाल्यावर, घड्याळ लावून. सगळ्या काढल्या तरी पंख उठेना. नकाशावर आधी मेणबत्ती घासायची असते म्हणजे डिंक खाली धरत नाही, हे मला तेव्हा आठवलं. पंख, नकाशा आणि सासूबाईंची फळी आता एकजीव आहेत. मी टाचण्या पुन्हा लावून ठेवल्या आणि इन्साफला सांगितलं की दादासाठी राखून ठेवलंय. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आता खरं कोणत्या तोंडाने सांगू?

आणखी ता. क. काहक बाविसाव्या रोजाला सुरू होतात. तुझी ती पातळ पात्याची सुरी घेऊन त्याआधी ये. गुडघे इथे आल्यावर बघू. मी ओढायला गेलो तर मोडेल, मला माझे हात माहीत आहेत. ये, दादा.

भावोजींना इन्साफचा सलाम. पाकिटावर पत्ता लिहायला यांनी पत्र माझ्याकडे दिलं (यांचं अक्षर पोस्टमनला लागत नाही), म्हणून वाचलं. पंख फळीला चिकटल्याचं मला कळलंच होतं, तो परवाच सुटला. हे असरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजाला गेले होते, तेव्हा मी आणि हाज्जा तफीदांनी शिवणाचा दोरा दोन टोकांनी धरून खालून ओढला. नकाशावर मेणबत्ती घासली, पंख जागेवर ठेवला आणि टाचण्या होत्या तशा लावल्या. यांना पत्ता नाही. काहकसाठी हाज्जांनी त्यांची फळी दिली आहे, तेव्हा त्या कामासाठी तुम्ही नाही आलात तरी चालेल. पण हे रोज इफ्तारला एक खुर्ची जास्त मांडतात आणि विचारलं की म्हणतात, चुकून मांडली.

पंख मी डोळ्यासमोर धरून पाहिला, कुठेही पीळ नाही. तुम्ही या, सुरी काढा, थोडा घाम गाळा आणि म्हणा की फार घट्ट बसला होता. लाकूड ओलं होतं असं तुम्ही एकदा म्हणाला होतात, तेव्हा हेही तुम्हाला जमेल.