माझा गुडघा, तिची कंबर

८ जानेवारी १९३८, शनिवार. अकोला

आजचं आजच लिहून टाकते. अक्षर वेडंवाकडं येईल, येऊ दे.

महिनाअखेर नागपूरहून इन्स्पेक्ट्रेसबाई शाळा तपासायला येणार. त्यांच्यापुढे मॅट्रिकच्या वीस मुलींनी एका शिट्टीत उभ्याने मागे वाकून कमान टाकायची, हा मुख्याध्यापिकाबाईंचा हट्ट. ड्रिल मी घेते. एकोणीस जणींची होते. वकिलांच्या कुसुमची होत नाही. पोरगी दिवसभर पुस्तकावर वाकलेली, खांदे नुसते लाकूड. आज मी चिडले. तिच्या मागे गेले, कंबरेला गुडघा लावला, खांदे धरून मागे ओढले. अमरावतीला बाबा आखाड्यात पोरांना असंच वाकवतात. लहानपणापासून पाहिलंय, त्यांच्याकडूनच शिकलेय.

कट् झालं. मी ऐकलं. ती खाली बसली न् म्हणाली, डावा पाय जाणवत नाहीये.

आणि मी काय बोलले? सगळ्या मुलींसमोर, मोठ्याने. "श्वास सोडलास म्हणून पडलीस." जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही.

टांग्यात निजवून घरी पोचवली.

९ जाने., रवि.

डॉक्टर येऊन गेले. मणक्यापाशी शीर दबली आहे म्हणे. तीन आठवडे उघड्या फळीवर उताणं निजायचं, उठायचं नाही. पाय पूर्वीसारखा होईल का? डॉक्टरांनी बॅग बंद केली.

मला कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, देव जाणे.

११, मंगळ.

आमच्या घराच्या मागे गयाबाई माळीण राहते. सकाळी फुलकोबीची भरली टोपली एकटीने डोक्यावर घेत होती. रोज घेते. आज पहिल्यांदा नीट बघितलं. आधी गुडघ्यात बसली. मग तोंडाने हूं करून सगळा वारा बाहेर टाकला, पोट आत गेलं, आणि मग उठली. कंबर तसूभर हलली नाही. मी म्हटलं, पुन्हा करून दाखव. ती हसली. मी तिच्या कंबरेला हात लावला तर दगड.

म्हणे, "कंबरेनं उचलशीन तं कंबर जाईन, बाई. पायानं उठा लागते."

म्हणजे श्वास सोडायचाच असतो. मी मात्र आठ वर्षं मुलींना सांगत आले, छाती भरा न् धरून ठेवा.

दुपारी स्वतःवर करून पाहिलं. खांदे, छाती, मांड्यांचा वरचा सांधा, सगळीकडून थोडं थोडं सुटलं तर माणूस मागे वाकतो. हे सगळं आखडलेलं असेल तर सारा वाक कंबरेतल्या एकाच मण्यावर येतो. कुसुमचं सगळं आखडलेलं होतं, आणि त्या एका मण्यावर मी गुडघा ठेवला.

१४, शुक्र. संक्रांत

कुसुमकडे गेले. जायला नको होतं असं वाटत होतं, न जाणं त्याहून वाईट. तिच्या आईने तिळगूळ हातावर ठेवला. म्हणाल्या, "बाई, तुम्ही किती जिवाला लावून घेतलंत." वडी रुमालात बांधून घेतली.

कु. फळीवर. कुशीवर वळवताना दात आवळून लालबुंद झाली. मी म्हटलं, काय करतेस? म्हणाली, "बाई, आता मी श्वास सोडत नाही."

तिथेच सांगायचं होतं. आई समोर उभ्या, वकीलसाहेब पडवीत. नाही सांगितलं. भ्याले. वर "शाब्बास" म्हणून आले. थू माझ्यावर.

१६, रवि. अमरावती

काल बडनेऱ्याला गाडी बदलून इकडे आले. बाबांना सगळं सांगून टाकलं. वाटलं, पोरींच्या नाजूक पाठी, त्यांना काय होतंय, असं म्हणून मला मोकळी करतील. बाबा सुपारी कातरत बसले.

आखाड्याच्या दाराशी रामभाऊ बसतो, तेलाच्या बाटल्या सांभाळतो. दोन्ही पाय लुळे. त्याला दोन वेळचं आमच्या घरून जातं. मला वाटायचं, केवढं मोठं मन बाबांचं.

बाबा म्हणाले, "राम्या जल्मापासून तसा नाही. माह्या गुडघ्यापासून तसा हाये."

मी विचारलं, त्याला माहीत आहे? तर म्हणे, "त्याले मी सांगतलं, तुह्या पाठीतच खोट व्हती. त्यानं मानलं. बावीस वर्सं झाले."

मग मला का नाही सांगितलं? का शिकवलं? बाबा पायाच्या नखाने माती उकरत राहिले. बाबांची भीती मी पहिल्यांदा पाहिली. माझ्या भीतीसारखीच दिसते.

येताना रामभाऊने राम राम केला. माझी मान वर झाली नाही.

१८, मंगळ. अकोला

आज शिट्टी वाजवलीच नाही. सतरंज्या घातल्या, मुलींना उताणं निजवलं, गुडघे वर, एक हात कंबरेखाली. श्वास सोडा, पोट आत, हातावर भार किती येतो ते मला सांगा. एकीचा हात दबतो, दुसरीच्या कंबरेखालून मांजर जाईल एवढी पोकळी. एकोणीस पोरी, एकोणीस तऱ्हा. आणि मी सगळ्यांना एका शिट्टीवर वाकवत होते.

कमळीची कमान सगळ्यात देखणी, मी तिला पुढे उभी करायची. आज पाठीवरून बोटं फिरवली तर सारा वाक दोन बोटं जागेत. तिथे दाबलं तशी विव्हळली. म्हणाली, दिवाळीपासून दुखतं. सांगितलं का नाहीस? "तुम्ही रागावाल म्हणून." मग आणखी तिघींनी हात वर केले.

चार. कु. धरून पाच.

मुख्याध्यापिकाबाई दारात. म्हणाल्या, हे निजवून काय दाखवणार इन्स्पेक्ट्रेसला? मी म्हटलं, कमान बंद. कारण विचारलं. तर मी म्हटलं, थंडी फार आहे. काय हा भेकडपणा!

२०, गुरु.

कु.च्या डाव्या पायाचा अंगठा हलत नाही. टाचेला टाचणी टोचली तर कळते. डॉक्टर म्हणे हे बरं आहे. किती बरं, ते नाही सांगत.

तिला एक चांगलं स्थळ सांगून आलं होतं. ते आता थांबलंय म्हणे.

सांगितलं तर नोकरी जाणार. वकिलाचं घर आहे, कोर्टातही ओढतील. मुलींची ड्रिलच बंद करतील, बायांना हे हवंच कशाला, म्हणणारे टपलेलेच आहेत. सगळी कारणं खरी आहेत. बाबांचीही खरीच असतील. बावीस वर्षं.

२२, शनि.

दुपारी तीनला गेले. आईंना म्हटलं, तुम्हीही बसा. वकीलसाहेब बाहेर होते. बरं वाटलं, त्याचीही लाज वाटली.

सांगितलं. श्वासाने नाही झालं. माझ्या गुडघ्याने झालं. मी तेव्हाच ऐकलं होतं, आणि खोटं बोलले.

कु. छताकडे बघत होती. म्हणाली, "त्याच दिवशी सांगितलं असतंत तर आई मला रोज बोलली नसती."

आईंनी पदर तोंडात धरला. मला ठाऊक नव्हतं. कोण रोज काय बोलत होतं, ते मी विचारलंच नव्हतं. धांदरट, बेफिकीर, आपल्या हाताने आपलं नशीब मोडून घेतलंस, असं चाललं होतं दोन आठवडे. आई फळीपाशी खाली बसल्या, तिचा पाय मांडीवर घेतला न् नुसत्या चोळत राहिल्या. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

मी म्हटलं, वळताना श्वास सोड, धरू नकोस. शिकवू का? कु. म्हणाली, "आता जा, बाई."

आले. वकीलसाहेब साडेपाचला घरी येतात. आता सहा वाजून गेलेत. बोलावणं आलं तर निघायला पायात चपला घालूनच बसले आहे. दारावर अजून कोणी आलेलं नाही.