आई, मी विमानात बसले

ती. आईस, तुझ्या धाकटीचा वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे? बाबा जिना सावकाश चढतात ना?

आता रागावू नकोस. विमानं दुरुस्त करीन पण त्यात बसणार नाही, हा तुला दिलेला शब्द मी रविवारी मोडला.

त्या दिवशी आमच्या फ्लाइंग क्लबात शाळेतल्या मुलांना पहिल्यांदा वर नेत होते. चौदा वर्षांची एक मुलगी विमानाच्या दाराशीच थिजली. शिकवणारे सर म्हणाले, "राहू दे, पुढच्या खेपेला बघू." तिचे डोळे भरून आले. मग माझे तेलकट हात बघून तिने विचारलं, "ताई, हे तुम्हीच नीट केलंत ना? मग तुम्ही बसाल यात?"

तिला काय सांगणार, आईने नको म्हटलंय? मी हात पुसले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

विमान उठलं. माझे कान इंजिनाकडे लागलेले, आणि ती पुढे सरांशेजारून ओरडतेय, "ताई, नदी बघा, दोरीएवढी दिसतेय!" सरांनी तिला क्षणभर विमान चालवायचा दांडा धरू दिला, तर तिचा आवाज टिपेला!

उतरताच ती वडिलांकडे धावत सुटली. मी मात्र चाक तपासायच्या निमित्ताने तिथेच बसून राहिले. पाय लटपटत होते गं. तिला कळू दिलं नाही, पण तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

येत्या रविवारी आणखी मुलं येणार आहेत. पुन्हा कुणी विचारलं तर काय सांगू, ते तूच कळव.

तुझीच,
धाकटी